पत्र्याचे संरक्षण

गोडेतेलाचा १५ किलोचा डबा रिकामा झाला म्हणजे आपल्याकडे त्याचा दुसरा जन्म सुरू होतो. सोडा घालून तो गरम पाण्याने धुवायचा, पत्रेवाल्याकडून वरचे तोंड कापून घ्यायचे, बिजागरीचे झाकण लावून घ्यायचे, आणि मग त्यात वर्षाचे तांदूळ नाहीतर ज्वारी भरायची. आमच्या आईवडिलांच्या पिढीत हा मान घासलेटच्या डब्याला होता. तो चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा. वर आडवी लाकडी दांडी ठोकली की पाणी भरायला तयार. फुटका झाला तर तळ काढून, उभा कापून, ठोकून सपाट करायचा. असे पत्रे एकाला एक जोडून मुंबईत किती भिंती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आड किती संसार झाले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला 'पत्रेकाम आणि उद्योगधंदे' असा विषय दिला. विषय अवाढव्य आहे. मोटारीचे अंग पत्र्याचे, कचेरीतले कपाट पत्र्याचे, शाळेचे छप्परही पत्र्याचे. या सगळ्याला हात घालू लागलो तर यादी होईल, व्याख्यान होणार नाही. म्हणून मी एकच पत्रा उचलतो, ज्याचा हा डबा होतो तो. वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या वस्तूने तीन देशांतील कामगारांच्या आयुष्याची उलथापालथ केली आहे. त्यातला तिसरा देश आपला.

आधी हा पत्रा काय आहे ते पाहू. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करताना आपण सर्वांनी पाहिले आहे. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर निघतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने भराभर पुसतो, की भांडे आतून चांदीसारखे होते. डब्याचा पत्रा म्हणजे कल्हई केलेले लोखंडच. कथील महाग, म्हणून ते अंगाला लागण्यापुरतेच. जुन्या पद्धतीच्या पत्र्यात वजनाला शेकडा दोनच्या आसपास. छपराचा पन्हळी पत्रा निराळा, त्यावर जस्त असते. दोघांच्या स्वभावातला फरक सांगण्याजोगा आहे. जस्ताच्या पत्र्यावर ओरखडा पडला तर आजूबाजूचे जस्त आधी झिजते आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला सांभाळते. कथील तसे करीत नाही. ते अखंड आहे तोवर उत्तम झाकते; पण एकदा ओरखडा पडून पाणी लागले की तेवढ्या जागी लोखंड अधिकच वेगाने गंजते. पाण्याचा डबा प्रथम कडेला आणि दांडीच्या खिळ्यापाशी का फुटे, याचे उत्तर हेच.

लोखंडाला कल्हई करण्याची ही कला मुळात मध्य युरोपातली, बोहेमिया आणि सॅक्सनी या प्रांतांतली. तेथे लोखंड हातोड्याखाली ठोकून पातळ करीत. आपल्या पुण्याच्या तांबट आळीत तांबे ठोकत त्याच जातीचे हे काम. सतराव्या शतकाच्या सातव्या दशकात अँड्र्यू यारँटन नावाचा इंग्रज ती कला पाहण्यासाठी सॅक्सनीला जाऊन आला. पुढे त्या शतकाच्या अखेरीस वेल्समधील पाँटीपूल येथे जॉन हॅनबरीच्या कारखान्यात लोखंड ठोकण्याऐवजी रुळांतून लाटून त्याचा पत्रा होऊ लागला. ठोकलेल्या पत्र्यावर हातोड्याचे खळगे राहतात, आणि खळग्यात कथील फुकट जाते. लाटलेला पत्रा सपाट, म्हणून त्याला कथील कमी लागते. पैशाचा हिशेब असा जुळला, आणि दक्षिण वेल्समध्ये हा धंदा दीडशे-दोनशे वर्षे मुरला. लनेथ्ली या गावाला तर लोक कथलाचे नगर म्हणू लागले. १८१० साली पीटर ड्युरांडने पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचे पेटंट लंडनला घेतले आणि तीन वर्षांत तसा कारखानाही निघाला. गंमत अशी की डबा उघडण्याचे खास अवजार निघायला त्यानंतर चाळीसएक वर्षे गेली. तोवर माणसे छिन्नी-हातोडीने जेवण उघडीत.

त्या जुन्या गिरणीत पत्रा कसा होई, ते थोडे सविस्तर सांगतो. कारण पुढचे सारे भांडण त्या कष्टातून निघाले आहे. लोखंडाची, पुढच्या काळात पोलादाची, पट्टी भट्टीत लाल करून रुळांत घालायची. एक माणूस पुढून पट्टी देणार, दुसरा मागे उभा राहून ती चिमट्यात धरून रुळांवरून परत पाठवणार. पट्टी पातळ झाली की नुसती एकटी लाटता येत नाही, कारण पातळ पत्रा हवेत क्षणात थंड होतो आणि रूळही तितके जवळ मिटत नाहीत. मग काय करायचे? आपल्या माताभगिनी घडीच्या पोळीला जे करतात तेच. दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, पुन्हा तापवायचे, लाटायचे. मध्ये पायाने दाबून घडी घालायची, चार पदर करायचे. पुन्हा भट्टी, पुन्हा रूळ. पुन्हा घडी, आठ पदर. ही घडी घालणारा माणूस लालभडक पत्रा चिमट्याने उचलून पायाखाली दुमडतो. पायात लाकडी तळाचे बूट, गळ्यात घाम टिपायचा पंचा. शेवटी आठ पदरांचा चिकटलेला गठ्ठा थंड झाल्यावर सोडवायचा. वेल्समध्ये हे काम बायका आणि मुली करीत. कडा पाजळलेल्या असत, हात कापत. मग पत्रा तेजाबात बुडवून साफ करायचा, बंद पेटीत तासन् तास तापवून मऊ करायचा, थंडच लाटून सपाट करायचा, पुन्हा साफ करायचा, आणि अखेर वितळलेल्या कथलात एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने ताडतेलातून वर काढायचा. भुश्यात घासून पुसणे हे काम पुन्हा मुलींकडे.

हा माल पेटीच्या हिशेबाने विकला जाई. १४ इंच रुंद आणि २० इंच लांब असे ११२ पत्रे म्हणजे एक पेटी. त्या पेटीवरच मजुरी. आता ऐका. वेल्सच्या कामगारांनी आपसांत ठरवून घेतले होते की एका गिरणीवर एका पाळीत ३६ पेट्यांच्या वर माल काढायचा नाही. म्हणजे ४,०३२ पत्रे. एवढे झाले की भट्टीपासून दूर व्हायचे. मालक याला आळस म्हणत. कामगारांचे म्हणणे असे की, आज आपण ४० काढल्या तर उद्या ४० चाच दर ३६ ला मिळेल, आणि शिवाय चार माणसांचे काम तीन करतील. या मर्यादेमागे कायदा नव्हता, सरकार नव्हते. होते ते एवढेच की शेजारच्या गिरणीवरचा माणूस ३७ वी पेटी काढणार नाही हा भरवसा.

मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. १९८६ साली, सतरा वर्षांचा असताना, मी एका लहानशा कारखान्यात पॉवर प्रेसवर हेल्पर होतो. आम्ही पत्र्याची झाकणे पाडीत असू. डाव्या हाताने पट्टी सरकवायची, पायाने पॅडल दाबायचे, पंच खाली येऊन वर गेला की उजव्या हाताने तुकडा काढायचा. पाळीचा आकडा भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असे आणि दर महिन्याला तो वाढे. हात आत जाऊ नये म्हणून जी जाळी असते, ती आकडा गाठायला अडथळा करते म्हणून काढून कोपऱ्यात ठेवली होती. माझ्या शेजारच्या प्रेसवरच्या माणसाची दोन बोटे गेली. मालकाने स्वतः रिक्षातून दवाखान्यात नेले, खर्च केला, दिवाळीपर्यंत हलके काम दिले आणि नंतर दिले नाही. वहीत 'स्वतःचा निष्काळजीपणा' अशी नोंद झाली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे यंत्राला आडोसा हवा होता. पण विजेवर चालणारा कारखाना त्या कायद्यात यायला तेव्हा दहा माणसे लागत, आणि आमच्या हजेरीपटावर नऊच होती. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईची ताकद शेकडा २० ने गेली असे धरले होते, हे मला पुढे सार्वजनिक वाचनालयात कळले. तोवर मुदत टळली होती. कायदे वाचायला मी तेव्हापासून लागलो. सांगायचे ते एवढेच की, आमच्या फळ्यावरचा आकडा आमचा नव्हता. वेल्समधल्या माणसांचा ३६ हा आकडा त्यांचा स्वतःचा होता.

तो कसा मोडला? यंत्राने नव्हे, जकातीने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेल्सच्या पत्र्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका होते. तेथे फळे, मासे, मांस डब्यात भरण्याचे कारखाने निघाले होते आणि खनिज तेलही डब्यांतून जगभर जात होते. १८९१ मध्ये सुमारे सव्वातीन लाख टन पत्रा वेल्सहून अमेरिकेला गेला. पण १८९० साली विल्यम मॅकिन्ली यांच्या पुढाकाराने तेथे जकातीचा नवा कायदा झाला होता. त्याने १ जुलै १८९१ पासून बाहेरच्या कथली पत्र्यावर पौंडाला २.२ सेंट जकात बसवली. हेतू असा की अमेरिकेत हा धंदा निघावा. निघालाही. आठ-नऊ वर्षांत वेल्सहून जाणारा माल एक पंचमांशावर आला. लनेथ्ली आणि आसपासच्या खोऱ्यांतल्या गिरण्या बंद पडू लागल्या. उपाशी माणसाला ३७ वी पेटी काढायला कोणी सांगावे लागत नाही. ३६ ची मर्यादा एकेका ठिकाणी ढिली होत गेली आणि १८८७ साली स्थापन झालेली तेथील कामगारांची संघटना शतक संपता संपता मोडून पडली. कित्येक कामगार चिमटे घेऊन अमेरिकेला गेले, ज्या देशाने त्यांचा माल अडवला तेथेच.

या ठिकाणी आमच्याच घरातली एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. अमेरिकेत या जकातीसाठी ज्यांनी हिरीरीने खटपट केली त्यांत जॉन जॅरेट हे एक प्रमुख. हे गृहस्थ कोण? इंग्लंडात जन्मलेले, भट्टीवर काम केलेले, आणि लोखंड-पोलाद कामगारांच्या मोठ्या अमेरिकन संघटनेचे माजी अध्यक्ष! पुढे ते पत्र्याच्या कारखानदारांच्या मंडळाचे चिटणीस झाले. त्यांना मी विकला गेलेला माणूस म्हणणार नाही. धंदा आला की काम येईल, काम आले की मजुरी येईल, असे त्यांना मनापासून वाटले असणार. मलाही कित्येकदा वाटले आहे. कारखाना वाचवा म्हणून मालकाच्या शेजारी उभे राहून मंत्र्यांना निवेदने देण्याचे प्रसंग माझ्यावर आले आहेत, आणि ती निवेदने मी पुन्हाही देईन. पण पुढे काय झाले ते पाहा. १८९८ साली अमेरिकेतल्या बहुतेक पत्रा-गिरण्या एका कंपनीत गोळा झाल्या. १९०१ साली ती कंपनी युनायटेड स्टेट्स स्टील या महाकाय संस्थेत गेली. त्याच वर्षी संघटनेने संप केला आणि ती हरली. १९०९ च्या उन्हाळ्यात कंपनीने जाहीर केले की यापुढे आमच्या गिरण्यांत संघटनेशी करार होणार नाही. कामगार वर्षभराहून अधिक काळ संपावर राहिले, आणि हरले. त्यांत जकातीमुळे वेल्सहून आलेली माणसे होती. पत्र्याभोवती जकातीची भिंत होती. तो पत्रा लाटणाऱ्याभोवती काहीच नव्हते.

आता आपल्याकडे येऊ. घासलेट हा शब्द गॅसलाइटवरून आला असे म्हणतात. आले तेल मात्र पुष्कळसे ब्रह्मदेशातून, आणि ते भरायला डबे लागत. डब्याचा पत्रा वेल्सचा. पहिल्या महायुद्धात जहाजे मिळेनात, पत्रा येईना, तेव्हा बर्मा ऑइल कंपनीला हा माल हिंदुस्थानातच व्हावा असे वाटू लागले. शेजारी टाटांचा पोलादाचा कारखाना होताच. दोघांच्या भागीदारीने १९२० साली टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया निघाली, जमशेदपूरजवळ गोलमुरी येथे गिरण्या उभ्या राहिल्या आणि १९२२ च्या डिसेंबरात पत्रा निघू लागला. शिकवायला माणसे कोठून आणली? वेल्सहून. ज्यांचे अमेरिकेचे गिऱ्हाईक एका जकातीने गेले होते, त्यांच्यातलीच माणसे आता आपले उरलेले गिऱ्हाईक कमी करणारी कला दुसऱ्यांना शिकवायला आली. मनुष्याने पोटासाठी काय काय शिकवावे लागते! जमशेदपूरचा उन्हाळा तुम्हांपैकी कोणी सोसला असेल तर कल्पना करा. बाहेरच सावलीत ४० अंशांच्या वर पारा, आणि आत लाल पट्टी चिमट्यात. बिहार, ओरिसा, बंगाल, पंजाब अशा नाना ठिकाणचे कामगार ते शिकले, आणि काही वर्षांतच वेल्सच्या माणसांची जागा एकेक करून त्यांनी घेतली.

१९२४ साली सरकारने पोलाद धंद्याला संरक्षण देणारा कायदा केला आणि त्यात कथली पत्र्यावरही संरक्षक जकात बसली. राष्ट्रीय वृत्तीच्या साऱ्या लोकांनी तिचे स्वागत केले, आणि ते योग्यच होते. ज्या धंद्याला जन्मतःच वेल्सशी टक्कर घ्यायची, तो जकातीवाचून जगला नसता. पण ही जकात भरणार कोण? घासलेटचा डबा विकत घेणारा, म्हणजे देशातला गरिबांतला गरीब. त्याने भरलेल्या पैशावर धंदा उभा राहिला. मग त्या धंद्यात काम करणाऱ्याला काय मिळते, हे विचारण्याचा अधिकार कोणाचा?

तो प्रश्न १९२९ साली गोलमुरीच्या कामगारांनी विचारला. आदल्या वर्षी टाटांच्या कारखान्यात मोठा संप होऊन, सुभाषचंद्र बोस यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली होती. एप्रिल १९२९ मध्ये टिनप्लेटचे सुमारे ३,००० कामगार बाहेर पडले. सुभाषबाबूंनी याही संपाला आपले बळ दिले. पण कंपनीने नवी माणसे भरून गिरण्या पुन्हा चालू केल्या. सहा-सात वर्षांपूर्वी जी कला शिकवायला समुद्रापलीकडून माणसे आणावी लागली होती, ती आता इतकी पसरली होती की शिकलेल्यांना बाजूला सारूनही काम चालावे. संप महिनोन्महिने चालला आणि फसला. जकात मात्र चालू राहिली.

त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर नागपुरास ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. व्हिटले कमिशनवर बहिष्कार घालावा की नाही, कोणत्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी संबंध ठेवावा, अशा प्रश्नांवर तेथे फूट पडली आणि ना. म. जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडले. ते प्रश्न महत्त्वाचे नव्हते असे मी म्हणत नाही, ना. म. जोशींबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि बहिष्कार घालणाऱ्यांबद्दलही आहे. परंतु मी त्या अधिवेशनाची हकीकत वाचतो तेव्हा माझे लक्ष वारंवार गोलमुरीकडे जाते. ज्या वर्षी तीन हजार माणसांची चूल सर्व देशाच्या आधाराची वाट पाहत होती, नेमके त्याच वर्षी देशातली मध्यवर्ती संघटना दुभंगली. वेल्समधली संघटना मोडली ती उपासमारीने. आमची आम्ही मोडली.

पदर घालून लाटण्याची ती पद्धत पुढे कोठेच राहिली नाही. अमेरिकेत १९२०-३० च्या दशकात अशा गिरण्या निघाल्या की पोलादाची जाड लादी एका टोकाने आत जावी आणि दुसऱ्या टोकाने पत्र्याची अखंड पट्टी बाहेर पडून तिची गुंडाळी व्हावी. चिमटा नाही, घडी नाही, पदर सोडवणाऱ्या मुली नाहीत. वेल्समध्ये एब व्हेल येथे १९३८ साली अशी गिरणी आली, आणि १९५१ साली लनेथ्लीजवळ ट्रॉस्ट्रे येथे अशाच गुंडाळीला कथील चढवणारा प्रचंड कारखाना सुरू झाला. त्यानंतरच्या आठ-दहा वर्षांत आजूबाजूच्या जुन्या गिरण्या बंद झाल्या. आपल्याकडेही रुरकेला आणि बोकारो येथे पट्टीच्या गिरण्या आल्या, आणि गोलमुरीत कथलाच्या कढईची जागा विजेने कथील चढवणाऱ्या टाक्यांनी घेतली. हातांचे नुकसान टळले ते चांगलेच झाले. त्या जुन्या भट्टीपुढे पुन्हा उभे राहावे असे त्या कामगारांपैकी एकालाही वाटले नसते. पण पुढच्या टोकाला, म्हणजे गुंडाळीचे तुकडे करून झाकण, डबा, बिजागरी करणाऱ्या छोट्या छोट्या कारखान्यांत, पायाच्या पॅडलची प्रेस आणि फळ्यावरचा आकडा अजून आहे. आमच्या संघटनेकडे येणाऱ्या माणसांच्या हातांकडे पाहिले की ते कळते.

२००७ साली टाटांनी कोरस ही युरोपातली पोलाद कंपनी विकत घेतली, आणि तिच्याबरोबर ट्रॉस्ट्रेचा कारखानाही त्यांचा झाला. गोलमुरीची टिनप्लेट कंपनी २०२४ च्या आरंभी टाटा स्टीलमध्येच विलीन झाली. म्हणजे ज्या गावच्या माणसांनी येऊन शिकवले आणि ज्या गावच्या माणसांनी शिकून घेतले, त्या दोन्ही गावांचा मालक आज एकच आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी वेल्समधील पोर्ट टॅलबट येथली टाटांची शेवटची झोतभट्टी विझली. शेजारच्या ट्रॉस्ट्रेला आता बाहेरून आणलेल्या पोलादावर चालावे लागते. २०२५ साली अमेरिकेने परक्या पोलादावरची जकात ५० टक्क्यांवर नेली, ब्रिटनसाठी २५ ठेवली, आणि लनेथ्लीत पुन्हा १८९१ ची आठवण निघू लागली.

ट्रॉस्ट्रेच्या आवारात एक जुने शेतघर जपून ठेवले आहे. त्यात जुन्या पत्रा-कामगारांचे लहानसे संग्रहालय आहे. चिमटे, लाकडी तळाचे बूट, पदर सोडवणाऱ्या मुलींची हत्यारे अशा वस्तू तेथे आहेत. गोलमुरीच्या संपवाल्यांचे चिमटे कोठे गेले, हे विचारायला मी येत्या हिवाळ्यात जमशेदपूरला जाणार आहे.